मॅडम, तुमच्या त्या हाताने आखलेल्या कागदासाठी

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही मला ओळखता ते कामामुळे होणाऱ्या आजारांच्या, बुधवारी रात्री नऊच्या ऑनलाइन वर्गातली, बहुतेक वेळा कॅमेरा बंद ठेवणारी विद्यार्थिनी म्हणून. त्या वेळी माझ्यासमोर दिवसाचा शेवटचा पेशंट बसलेला असायचा. माझा दवाखाना दिघ्यात आहे. येणारी मंडळी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एमआयडीसीची: प्लेटिंगवाले, वेल्डर, पेंटर, पॅकिंगच्या बायका. सोळा वर्षं त्यांना तपासतेय, पण केसपेपरवर 'व्यवसाय' या रकान्यात मी एकच शब्द लिहीत आले: नोकरी.

मला कुणी वेगळं शिकवलंच नव्हतं, हे आज रागानेच लिहिते. एमबीबीएसला व्यावसायिक आजार म्हणजे परीक्षेपुरता पाठ केलेला तक्ता. शिसं म्हणजे लुळं मनगट, क्रोम म्हणजे नाकाच्या पडद्याला भोक. नंतर पैसे भरून एक दिवसाचा कोर्स केला. तिथल्या वक्त्यांनी सकाळपासून संध्याकाळपर्यंत स्लाइड वाचून दाखवल्या. शंका विचारली की "शेवटी घेऊ" म्हणायचे. शेवटी चहा झाला आणि प्रमाणपत्रं वाटली. सायनच्या केंद्रीय श्रम संस्थेतला एएफआयएच, म्हणजे कामगारांच्या आरोग्यावरचा डॉक्टरांसाठीचा तीन महिन्यांचा कोर्स, करायची फार इच्छा होती, पण एकटीने चालवलेला दवाखाना तीन महिने बंद कसा ठेवणार?

तुम्ही मात्र पहिल्या दिवशी फक्त तीन ओळी दिल्यात. 34 वर्षांचा माणूस. रात्री खोकला, छातीत शिट्टी वाजते. विडी-सिगारेट नाही. पुढे काय विचाराल? आम्ही जे विचारू, तेवढंच तुम्ही उघडणार. आम्ही एक्स-रे मागितला, रक्त मागितलं, घरात मांजर आहे का तेही विचारलं. त्याचं काम विचारायला आम्हाला तीन दिवस लागले. तो गाड्यांना टू-पॅक पेंट मारायचा, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायचा रंग, आणि त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट, दमा लावू शकणारं रसायन. दम कामावर असताना नाही, सुटल्यावर काही तासांनी लागायचा. म्हणून कामाचा संशय ना त्याला आला, ना डॉक्टरांना.

त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण असाच एक पेंटर माझ्याकडे दीड वर्ष येत होता. मी त्याला खोकल्याची बाटली आणि पंप देत होते. त्याआधी एका मोठ्या दवाखान्याने 'धुळीची अ‍ॅलर्जी' लिहून त्याला मोकळं केलं होतं. कारखान्याच्या डॉक्टरांनी तर त्याच्याकडे मान वर करून न बघता 'फिट' लिहिलं.

मी तुम्हाला निरोप टाकला की पीक फ्लोचा, म्हणजे नळीत जोरात फुंकून श्वासाचा जोर मोजतात त्या आकड्यांचा, तक्ता इंग्रजीत आहे, माझ्या पेशंटला तो भरता येणार नाही. एखादी लिंक पाठवून तुम्ही मोकळ्या झाला असतात, तरी मी आभारच मानले असते. तुम्ही उलट विचारलंत, "त्याची शिफ्ट कोणती?" आणि पावणेअकराला फोटो आला.

वहीचं आडवं पान. पट्टीने आखलेलं. डाव्या बाजूला घड्याळाची वेळ नव्हती. तिथे होतं: झोपून उठल्यावर, डबा खाताना, काम सुटल्यावर, झोपायच्या आधी. रात्रपाळी आली तरी कागद बदलायला नको. सुट्टीचे रकाने हिरव्या पेन्सिलीने रंगवलेले. खाली तुमचं अक्षर: 'तीनदा फुंका, सगळ्यात मोठा आकडा लिहा. राहिलं तर रकाना मोकळा सोडा, अंदाजाने भरू नका.'

मॅडम, त्या माणसाला तुम्ही कधी पाहिलं नव्हतं, आणि तरी त्याच्या डब्याचा विचार केलात. 1700 साली इटलीत रामाझिनी नावाच्या वैद्यांनी डॉक्टरांना बजावलं होतं की रोग्याला त्याचं काम विचारा. हे तुम्ही वर्गात सांगितलंत, मी वहीत उतरवूनही घेतलं. पण कामाचं विचारणं म्हणजे काय, ते मला त्या पानाने शिकवलं.

त्याने चार आठवडे कागद भरला. मध्ये गणपतीला गावी गेला, तर हिरव्या रकान्यांत 420, 430 आणि परत आल्यावर तिसऱ्या दिवशी 290. त्याने स्वतःच बोट ठेवलं आणि म्हणाला, "मॅडम, हे तर पेंटमुळे." मी काही बोलूच शकले नाही. पुढचं छातीच्या तज्ज्ञांनी पाहिलं आणि त्याला पॅकिंगमध्ये हलवलं. 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने कायद्याच्या कलम 89 प्रमाणे तपासणाऱ्या डॉक्टरनेही अशा आजाराची खबर सरकारला द्यायची असायची. मी प्रॅक्टिस सुरू केली तेव्हाही ते कलम होतंच. मी ते पहिल्यांदा वाचलं तुमच्यामुळे.

अशी माणसं अजून आहेत म्हणून बरं वाटतं. त्याच्या सुपरवायझरने बदलीच्या कागदावर एक शब्द न बोलता सही केली. शेजारच्या वेल्डरने स्वतःचा खाडा करून त्याला तज्ज्ञांकडे नेलं. यांची नावं कुठे छापून येत नाहीत, पण आमचा पट्टा त्यांच्यामुळे चालतो.

तुमच्या पानाच्या मी पन्नास झेरॉक्स काढल्यात. काल एक बेकरीवाला आला, पहाटे शिंका, संध्याकाळी दम. केसपेपरवर लिहिलं: पीठ मळतो, रोज, सहा वर्षं. मग एक कागद त्याच्या हातात दिला. बुधवारी त्याची केस वर्गात आणते.

आपली,
दिघ्यातली विद्यार्थिनी