चिपळूणहून परतल्यावर

पुणे,
८ ऑगस्ट २०२१

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

फोनवर तू विचारलंस, "चार दिवसांत काय केलंत?" मी "चिखल काढला" म्हणालो आणि फोन ठेवला. ते उत्तर तेव्हापासून मला टोचतंय, म्हणून आज सविस्तर लिहितो.

३० जुलैला आम्ही अकरा जण चिपळूणला, पुरानंतरच्या साफसफाईला मदत करायला निघालो. एकमेकांना ओळखणारे जेमतेम तिघं. कराड, पाटण करत कुंभार्ली घाट उतरलो आणि पोफळी मागे पडली तसा गाडीतला आवाज बंद झाला. २२ जुलैला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं ते भिंतींवर खूण ठेवून गेलं होतं. दुकानांच्या पाट्यांच्याही वर ती तपकिरी रेघ होती. २००५ च्या २६ जुलैचा पूर बघितलेली माणसंसुद्धा सांगत होती, एवढं पाणी तेव्हाही नव्हतं. १८६४ पासूनच्या वाचनालयातली पुस्तकंही त्यात भिजली. तुला वाचनाचं वेड आहे म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

आम्हाला एक किराणा दुकान आणि त्यामागचं घर साफ करायचं होतं. चिखल म्हणजे शेतातला नव्हे रे. लोण्यासारखा गुळगुळीत गाळ, त्यात कुजलेलं धान्य, तेल, साबण. ओला असेतो फावड्याला येतो, वाळला की सिमेंट. त्यामुळे घाई होतीच. पहिल्या तासात आम्ही पोरांनी घमेली काठोकाठ भरली आणि पळत सुटलो. दोघं घसरून आपटले, एकाचा पाय पत्र्यानं कापला. बरोबरच्या नर्सिंगच्या विद्यार्थिनीनं तो धुऊन बांधला आणि सगळ्यांना विचारलं, "लेप्टोच्या गोळ्या घेतल्यात ना?" लेप्टो म्हणजे पुराच्या घाण पाण्यातून होणारा ताप. दोघांनी घेतल्या नव्हत्या.

शेजारच्या काकू पायरीवरून हे बघत होत्या. म्हणाल्या, "बाळांनो, घमेलं अर्धंच भरा. आणि पळू नका, रांग लावा."

मग रांग लागली. आतल्या खोलीपासून रस्त्यापर्यंत हातोहात घमेलं. तरी काम अडायचं, कारण रिकामी घमेली परत येईनात. मग त्यांची दुसरी रांग केली, तिथं काकू आणि गल्लीतली दोन मुलं उभी राहिली. रांगेत सगळ्यात सावकाश हलणारा होता आमच्यातला साठीचा निवृत्त कारकून. पहिल्या दिवशी मला त्याचा राग यायचा, हे तुझ्यापासून कशाला लपवू? तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, की त्याच्या चालीनं चाललो म्हणूनच संध्याकाळपर्यंत कोणी मोडून पडत नव्हतं.

आता जी गोष्ट सांगायला हे पत्र लिहायला घेतलं ती. दुसऱ्या दिवशी गल्ल्याखाली मला चिखलानं लडबडलेला एक गठ्ठा सापडला. मी तो बाहेरच्या ढिगावर भिरकावला. थोड्या वेळानं दुकानाचे मालक, सत्तरीचे आजोबा, ढिगापाशी वाकलेले दिसले. दोन्ही हातांनी त्यांनी तो गठ्ठा उचलला, लेंग्याला पुसला. ती उधारीची वही होती. माल सगळा गेलाच होता. कुणाकडून किती यायचं तेवढंच त्यांच्याकडे उरलं होतं, आणि तेही मी फेकलं होतं.

ते मला एक शब्द बोलले नाहीत. मी माफी मागितली, तर म्हणाले, "तुला काय माहीत रे बाबा."

त्या संध्याकाळी आमचं फावडं थांबलं. विद्यार्थिनीनं वही उभी करून पाणी निथळू दिलं, दर दोन-तीन पानांमध्ये वर्तमानपत्राचा कागद सरकवला, तो ओला झाला की बदलायचा. उन्हात ठेवायची नाही, पानं चिकटतात. कारकून काका कंदिलाशी बसून पुसट आकडे नव्या वहीत उतरवत होते. त्यांचं अक्षर काय सुरेख! रांगेत मागे पडणारा तो माणूस त्या रात्री आमच्यात सगळ्यात पुढे होता.

तेव्हापासून आम्ही एक नियम केला. घरच्या माणसाला विचारल्याशिवाय चिंधीसुद्धा फेकायची नाही. कामाचा वेग निम्म्यावर आला. पण त्यानंतर घरातल्या बायका आमच्याशी बोलायला लागल्या. कुठल्या पेटीत कुणाच्या लग्नाचा शालू आहे, ते सांगायला लागल्या.

वहीची शेवटची पानं अजून ओली आहेत. पुढच्या शनिवारी पुन्हा निघतोय. तू येच. गमबूट आण, आणि घरात जुनी वर्तमानपत्रं असतील तेवढी सगळी बांधून ठेव.

तुझाच,
मित्र