रविवारची बैठक : पाब्लो कासाल्स आणि चेलो

सभासदहो, नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी ९ वाजता नेहमीच्याच जागी, गंगापूर रोडच्या गच्चीवरच्या खोलीत, बैठक आहे. लिफ्ट बंद आहे. तीन जिने चढायचेत, त्या हिशेबाने निघा.

यावेळी चेलोवादक पाब्लो कासाल्स (१८७६–१९७३). चेलो म्हणजे व्हायोलिनच्याच कुळातलं, पण मोठं आणि खर्जातलं वाद्य. तेराव्या वर्षी वडिलांबरोबर बार्सिलोनाच्या बंदरालगत फिरताना जुन्या दुकानात जर्मन संगीतकार बाखच्या सहा चेलो सुइट्सची (नृत्यरचनांच्या मालिकांची) प्रत त्यांच्या हाती लागली. लोक या सुइट्सना रियाजाचे तुकडे समजत. कासाल्सनी जवळजवळ बारा वर्षं घोकल्या, मगच मैफलीत वाजवल्या. आपण १९३६–३९ची ध्वनिमुद्रणं ऐकू. खरखर आहे, पण ती माझ्या स्पीकरची नव्हे!

शिकवणारे कासाल्स मला जास्त आवडतात. त्यांच्या लहानपणी विद्यार्थ्याला काखेत पुस्तक धरून गज ओढायला लावत, म्हणजे कोपर अंगाला चिकटून राही. कासाल्सनी तो हात मोकळा केला. आमच्यातल्या व्हायोलिनवाल्या ताई हे गज हातात घेऊन दाखवतील.

१९२०च्या दशकात त्यांनी बार्सिलोनात कामगारांसाठी अगदी कमी वर्गणीत रविवार सकाळच्या मैफली सुरू केल्या. आपल्याकडे संगीत सामान्यांपर्यंत नेणाऱ्या, पंचवटीत आश्रम काढणाऱ्या गायक विष्णु दिगंबर पलुस्करांची आठवण होतेच. यावर गप्पा होतील, वादही चालतील.

चहा आहे, मिसळ नंतर, ज्याची त्याने. येणार असाल तर शुक्रवारपर्यंत कळवा, सतरंज्या मोजक्याच आहेत. मोबाइल मात्र बंद. मागच्या वेळी ऐन मंद्रात रिंगटोन वाजली होती.