अनुदान सातबाऱ्याला नको, वाडीला द्या

मा. कृषिमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

साहेब, गेल्या ऑक्टोबरात भात कापलं आणि दहा गुंठ्यांच्या खाचरात चार किलो कुळीथ फोकून दिला. जमिनीत ओल होती, अनवाणी चाललं की टाच रुतत होती. आठवड्याभरात उगवण दिसली, विसाव्या दिवशी पानाला पान लागायला आलं. एकविसाव्या दिवशी सकाळी गेलो तर खाचरात नुसते खुरांचे ठसे आणि शेणाचे चार पो. ते तेवढे खत म्हणून जमेस धरले.

ज्याची गुरं होती त्याच्याकडे तणतणत गेलो. तो शांतपणे म्हणाला, “दादा, अख्ख्या वाडीत हिरवं तेवढंच होतं. गुरं आणखी जाणार कुठे?” उत्तर बिनतोड होतं. हे पत्र त्या उत्तरामुळेच लिहितोय.

आच्छादन पीक म्हणजे मुख्य पीक नसताना जमीन उघडी पडू नये म्हणून घेतलेलं पीक. त्याबद्दल हल्ली कृषी मेळाव्यांत बरंच सांगतात, आणि ते खरंच आहे. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. जांभ्याची माती मुळात आम्लधर्मी. पावसाबरोबर नत्र आणि पालाश धुऊन जातं, स्फुरद घातलं तर मातीतलं लोह आणि ॲल्युमिनियम ते धरून बसतं. अशा मातीला सेंद्रिय अंश टिकवल्याशिवाय दुसरा आधार नाही. पण ही माती झाकायची कशी आणि कधी, हे ठरवताना घाटावरचं वेळापत्रक कोकणात आणलं जातं.

उदाहरण तागाचं घ्या. ताग किंवा धैंचा हिरवळीचं खत म्हणून साधारण ४५ दिवसांनी, फुलावर येता येता जमिनीत गाडायचा असतो. घाटावर मे महिन्यात विहिरीचं पाणी देऊन पेरता येतो. आमच्याकडे मे महिन्यात प्यायच्या पाण्याला टँकर. पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो, त्यातच तरवा, म्हणजे भाताची रोपं, टाकायचा, आणि जुलैच्या सुरुवातीला लावणी. मधे ४५ दिवस आणायचे कुठून? त्यात एका वर्षी तागाचं बियाणं आमच्या हातात पडलं तेव्हा लावणी अर्धी उरकली होती. त्या पिशव्या दोन वर्षं माळ्यावर होत्या, शेवटी उंदरांनी खाल्ल्या. त्यापेक्षा बांधावर गिरिपुष्प लावणं कितीतरी सोपं. चारसूत्री या सुधारित भातशेती पद्धतीत गुंठ्याला सुमारे ३० किलो गिरिपुष्पाचा पाला चिखलात घालायला सांगितलं आहे. फांदी खोचली की जगते आणि गुरं सहसा तोंड लावत नाहीत. आमच्या भागातलं हे खरं हिरवळीचं खत.

खाचर झाकायचं ते भातानंतर, उरलेल्या ओलीवर: कुळीथ, पावटा, चवळी. हे कोकणाला नवीन नाही. अलिबाग-पेणकडे भात निघालं की वाल पडतो, जानेवारीत त्याच्या शेंगा मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात घालून पोपटी लावतात. तिथल्या पोराला कुणी ‘आच्छादन पीक’ शिकवलेलं नाही. नेरळला चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा बागेत न नांगरता, न चिखलता गादीवाफ्यावर भात घेण्याची पद्धत बसवली. त्यात भाताची मुळं जमिनीतच ठेवतात आणि त्याच वाफ्यावर पुढचं पीक टोकतात. सगळं कोकणातच आहे. मग रत्नागिरी-सिंधुदुर्गात भातानंतर मैलोगणती खाचरं उघडी का दिसतात?

कारण भात झोडून झालं की गुरं सुटतात.

पावसाळ्यात तसं नसतं, हे लक्षात घ्या. जून ते ऑक्टोबर आमच्या वाडीत गुरांची पाळी असते. आज या घराने सगळ्यांची गुरं न्यायची, उद्या त्या घराने. पाळी चुकली तर अख्खी वाडी बोलते. म्हणजे गुरं राखायची व्यवस्था आमच्याकडे आहे, ती फक्त दिवाळीला संपते. तीच फेब्रुवारीपर्यंत लांबवली तर कुळीथ घरात येतो. पण घरात माणसं उरलीत कुठे? तरणी पोरं मुंबईला, मागे म्हातारी आणि गुरं. पाळीला जायला सत्तरीतले आजोबा. पुढचे चार महिने वाडीला पगारी गुराखी हवा, आणि चार घरांना तो परवडत नाही. कोंडवाडा म्हणाल, तर गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा १८७१ चा आहे आणि आमच्या कोंडवाड्याची भिंत बहुधा त्याच सालची असावी, अशी पडली आहे.

आता योजना कुणासाठी असते ते पाहा. अर्जदार एकटा, सातबारा त्याच्या नावाचा. आमच्या सातबाऱ्यावर आजोबांच्या वेळची नावं धरून सतरा जण आहेत. निम्मे वारले, उरलेल्यांत कुणी नालासोपाऱ्याला, कुणी बडोद्याला. संमतीपत्रावर सगळ्यांच्या सह्या जमेपर्यंत ओल सुकते. समजा जमल्या आणि बियाणं मिळालं, तरी एकट्याने पेरलेलं गुरं खाणार, ते वर सांगितलंच. म्हणून माझं एकच मागणं आहे: रब्बीतल्या या पिकांचं अनुदान वाडीला द्या. सलग क्षेत्र ठरवा, पाळी लांबवल्याचा ग्रामसभेचा ठराव घ्या आणि गुराख्याचा पगार त्या पैशातून जाऊ द्या. बियाणं बचत गटाकडून घ्या. आमच्या बायका कुळीथ राखेत घालून ठेवतात, तो पुढल्या वर्षी उगवतो.

डोंगरउतारावरची गोष्ट वेगळी. १९९० पासून रोजगार हमीतून शंभर टक्के अनुदानावर फळबागा झाल्या, त्याने कोकणाचं भलं झालं. पण आता जेसीबी लावून अख्खा डोंगर सोलतात, काजूची कलमं लावतात आणि मधलं गवत तणनाशकाने जाळतात. पहिल्या पावसात तिथली लाल माती पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, येते. केरळात रबराच्या कोवळ्या बागेत जमीन झाकायला प्युरारिया, मुकुना अशा वेली पसरवायची रीत जुनी आहे, ती इथेही आणता येईल. आंबेवाले म्हणतील, ओल राहिली तर कलमाला पाण्याचा ताण बसत नाही, मोहर लांबतो. बरोबर आहे. म्हणून वेल पावसात वाढू द्यायचा आणि सप्टेंबरअखेर कापून बुंध्याशी घालायचा. मात्र हा सुका पाला फेब्रुवारीत वणव्याला आयतं सरपणही होतो, तेव्हा जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत-पाला काढलेला पट्टा, सगळ्या शेजाऱ्यांनी मिळून काढायला हवी. इथेही एकट्याचं चालत नाही.

आणि ही माती आमच्या शिवारात थांबत नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी चिपळूणमध्ये शिरली, त्यानंतर नदीतला गाळ उपसा म्हणून लोकांना आंदोलन करावं लागलं. तो सगळा गाळ शेतातला होता असं मी म्हणत नाही, दरडी कोसळल्या, रस्त्यांसाठी डोंगर फोडले, तेही आहेच. पण उपसायला पैसे निघतात, तर वरची माती वर धरून ठेवायलाही निघावेत.

अभ्यास दौरेही जरा खाली वळवा. आमच्यासारखीच जांभ्याची माती आणि तसाच पाऊस घेऊन जुन्या गोव्यात किनारी शेतीची केंद्रीय संशोधन संस्था बसली आहे, नारळ-सुपारीसाठी केरळात कासारगोडची आहे, आपलं दापोलीचं विद्यापीठ १९७२ पासून आहे. सावंतवाडीहून जुना गोवा किती लांब? तरी दौऱ्याची गाडी घाट चढून जाते आणि आम्ही ठिबकवरचा ऊस बघून येतो. तीन राज्यांच्या किनाऱ्याने निदान बियाणं आणि पेरणीच्या तारखा तरी एकमेकांना सांगाव्यात.

यंदा भात कापणीआधी आमच्या वाडीची बैठक आहे. पाळी फेब्रुवारीपर्यंत न्यायचा ठराव मी मांडणार आहे. ज्याच्या गुरांनी माझा कुळीथ खाल्ला तोच अनुमोदन देणार आहे. गाडं अडेल ते गुराख्याच्या पगारावर. त्या रकान्यात आपल्या खात्याचं नाव लिहू की रिकामा ठेवू, एवढं कळवावं.

आपला,
संगमेश्वर तालुक्यातला एक शेतकरी