उजवे म्हणजे नेमके कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राजकारणात ‘उजवे’ कोणाला म्हणायचे या वादात पुराणमतवाद, सनातनीपणा आणि रूढीचे वेड ही तिन्ही एकाच पोत्यात भरली जातात. ब्रिटिश विचारवंत आणि खासदार एडमंड बर्क हा पुराणमतवादी विचाराचा मूळपुरुष मानला जातो. 1790 मध्ये त्याने फ्रेंच क्रांतीवर झोड उठवली. पण ज्या राज्याला बदलता येत नाही त्याला टिकताही येत नाही, हेही त्यानेच लिहिले. वॉरन हेस्टिंग्जवर ब्रिटिश संसदेत महाभियोग चालवण्यातही तोच पुढे होता. सत्ता आपल्याच माणसांची असली तरी तिला वेसण हवी, हा यातला गाभा.

आपल्याकडचा धागा तर थेट नागपुरात सापडतो. जानेवारी 1959 च्या नागपूर काँग्रेस अधिवेशनात सहकारी संयुक्त शेतीचा ठराव झाला आणि त्याच वर्षी राजाजी (चक्रवर्ती राजगोपालाचारी), मिनू मसानी, एन. जी. रंगा प्रभृतींनी स्वतंत्र पक्ष काढला. 1967 मध्ये त्याचे 44 खासदार निवडून आले. त्यांचे भांडण शेतकऱ्याच्या जमिनीच्या मालकीसाठी आणि लायसन्स-परमिट राजविरुद्ध, म्हणजे प्रत्येक धंद्याला सरकारी परवाना लागण्याविरुद्ध होते. आजच्या परंपरेच्या रखवालदारांच्या भाषणांत संस्कृती उदंड, सत्तेची वेसण मात्र औषधालाही नाही.

राखायचे काय आणि टाकायचे काय, हे भंडारा-गोंदियातल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांवर नीट कळते. 1951 मध्ये मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली. ती जायलाच हवी होती, वेठबिगारीसकट. पण तिच्यासोबत तलावाची निगाही सुटली: पाळीची (मातीच्या बांधाची) भगदाडे कोणी बुजवायची, पाणी आधी कोणाच्या बांधीत (धानाच्या वाफ्यात) सोडायचे, बेशरम हे तण कोणी उपटायचे. पुराणमतवादी म्हणवणाऱ्याने मालगुजाराला निरोप देऊन ही रीत तेवढी राखायला हवी होती.

कारण त्या रीतीत अक्कल होती. पाळीवरची झुडपे कोवळी असतानाच काढावी लागतात. मोठे झाड तोडले की मुळे कुजतात, पाळीत पोकळ वाटा तयार होतात आणि तिथूनच पाणी झिरपू लागते. सांडव्याच्या, म्हणजे जादा पाणी बाहेर जाण्याच्या वाटेच्या, उंबरठ्याला हात लावायचा नाही. रेतीची चार पोती रचून फूटभर पाणी जास्त अडवले, तर अतिवृष्टीत ते पाळीवरून वाहते आणि मातीची पाळ एका रात्रीत फुटते. (राजकारणातही ही पोती रचणारे कमी नाहीत.)

आताची ‘सुधारणा’ म्हणजे पोकलेन लावून मधोमध खड्डा. पाटाच्या तोंडापेक्षा खोल खणलेल्या जागेतले पाणी उताराने धानापर्यंत येतच नाही. ते पंपाने उचलावे लागते. काठाचा उथळ उतार खरवडला की पाणवनस्पती जातात, त्यांच्या आडोशाने अंडी घालणारे मासे जातात, आणि ढिवरांच्या (मासेमारीवर जगणाऱ्या समाजाच्या) जाळ्यात काही उरत नाही. फलकावर मात्र काढलेल्या गाळाचे घनमीटर तेवढे झळकतात. गाळ काढूच नये असे कोणी म्हणत नाही. थोडा काढावा, एक पावसाळा पाहावा, मग पुढचा हात घालावा. बर्कला बहुधा एवढेच म्हणायचे होते.

100 हेक्टरपर्यंत सिंचनाचे तलाव जिल्हा परिषदेकडे आहेत. प्रचाराला येणाऱ्या प्रत्येक झेंड्याला वाचकांनी विचारावे: गाळाचे अंदाजपत्रक ग्रामसभेत, ढिवरांना समोर बसवून करणार, की तालुक्याहून तयार करूनच आणणार?

एक वाचक,
ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया