कुंभार्ली घाटाखालच्या मिस्त्रीकाकांना

ती. मिस्त्रीकाका,
सा. न. वि. वि.

मे महिन्यातल्या एका दुपारी अर्ध्या घाटातून माघारी फिरलेली पांढरी ओम्नी तुमच्या शेडसमोर येऊन थांबली होती, ती आमची. मागे फळ्यांचा पलंग, छोटी शेगडी, खिडक्यांना आईच्या जुन्या साड्यांचे पडदे, आणि पुढे घामाघूम झालेले माझे बाबा. तुम्ही गाडीकडे नंतर बघितलंत, आधी बाबांना सावलीत खुर्ची दिलीत आणि माठातलं पाणी दिलंत. म्हणून आधी त्या खुर्चीचे आभार, गाडीचे मग.

गाडी 1998 ची, पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरवाली. बाबांनी नोकरीत असताना घेतलेली. आई गेल्यावर ते घराबाहेर पडेनासे झाले, तेव्हा मी मागे झोपायची सोय करून घेतली. वाटेत कुठेही पाठ टेकता येईल म्हटल्यावर ते निघायला तयार व्हायचे. दोन वर्षं आम्ही असे हिंडलो. मग गेल्या दिवाळीपासून गाडीची रयाच गेली. सगळं सामान भरून लिटरला 14 किलोमीटर देणारी गाडी साडेनऊवर आली, आणि चढाला पिकअप म्हणून उरला नाही.

तुमच्याकडे येण्याआधी तीन गॅरेजं झाली होती. एकाने नवे प्लग टाकले. दुसऱ्याने कार्बोरेटर धुतला, मागच्या ब्रेकचे लायनर बदलले. तिसऱ्याने इंजिन उतरवून पिस्टनच्या रिंगा टाकाव्या लागतील म्हणून 28,000 रुपये सांगितले. त्या रात्री बाबा म्हणाले, "विकून टाक आता." मला ते फार लागलं. विकायच्या आधी गुहागरचा एक फेरा करू म्हणून आम्ही कराडहून निघालो होतो. जाताना घाट उतरायचाच होता, त्यामुळे निभावलं. येताना पोफळी सोडून काही वळणं चढलो आणि गाडी पहिल्या गिअरमध्येही थांबायला आली. मागे ट्रकांची रांग लागली होती.

काका, तुम्ही पान्याला हात लावण्याआधी मला किती प्रश्न विचारलेत! सपाटीला कशी पळते, चढाला नेमकी कधी दमते, सकाळी थंड असताना कशी लागते, न्यूट्रलला टाकली की आपोआप किती लांब जाते. शेवटच्या प्रश्नाला मी "लगेच थांबते" म्हटलं आणि तुम्ही थेट मागच्या चाकांकडे गेलात. ब्रेकच्या दोन्ही ड्रमवर बोटांनी पाणी शिंपडलंत. उजव्यावरचं पाणी नुसतं ओघळलं, डावीकडचं चुर्र करून उडून गेलं. "घाट उतरलात, तापणारच. पण दोन्ही सारखे तापायला हवेत," असं म्हणून तुम्ही जॅक लावलात. डावं चाक हाताने फिरवलं तर अर्धा फेराही पुरा होईना. लायनर बदलताना हँडब्रेकची केबल जास्त ताणली गेली होती. म्हणजे कित्येक महिने आम्ही ब्रेक लावूनच गाडी हाकत होतो.

मग पुढची सीट उचलून तुम्ही प्लग काढलेत. तिन्हींवर सुकी काळी काजळी. तेलकट असती तर रिंगांचा संशय, सुकी आहे म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी, हे तुम्ही मला प्लग हातात देऊन दाखवलंत. आतला दाब मोजणारं कॉम्प्रेशन गेज लावून तिन्ही सिलिंडर तपासलेत, काटा तिन्हीकडे जवळपास एकाच ठिकाणी गेला. "ताई, इंजिन निरोगी आहे. उघडू नका," हे तुमचं वाक्य ऐकून बाबा खुर्चीतून उठून उभे राहिले होते. तुमचं लक्ष नसेल तेव्हा, मी पाहिलं.

हवा का कमी, तेही सापडलं. कार्बोरेटर परत बसवताना चोकची, म्हणजे थंड गाडी सुरू करताना हवा अडवणाऱ्या पाकळीची, वायर आखूड अडकवली होती. बटण पूर्ण आत असलं तरी चोकची पाकळी अर्धवट मिटलेलीच. घसा दाबून धरलेला माणूस घाट कसा चढेल, म्हणालात.

दुसरा कोणी असता तर इथेच थांबला असता. चढाचं दुखणं सापडलंच होतं. पण सपाटीलाही ॲव्हरेज इतकं का पडतं, ही शंका तुमच्या मनातून जाईना. तुम्ही प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूमची नळी कार्बोरेटरकडून सोडवलीत, तिचं टोक ओठांत धरून हवा ओढलीत आणि जीभ लावलीत. जीभ चिकटून राहायला हवी होती, ती लगेच सुटली. मग नळी पुसून मलाही ओढून बघायला दिलीत. आतला रबरी पडदा फाटला होता. हलक्या पायाने सपाटीला जाताना ठिणगी थोडी आधी पडावी लागते, आणि ते काम हा पडदा करतो. तो फाटला की ठिणगी उशिरा पडते. "पेट्रोल जळतं, पण ढकलत नाही." इतकं सोपं करून मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. पत्र्याच्या डब्यातून तुम्ही त्याच मापाचं जुनं व्हॅक्यूम युनिट शोधलंत, ओढून पाहिलंत, ते बसवून ठिणगीची वेळ टायमिंग लाइटवर तपासलीत. सगळ्याचे मिळून 850 रुपये घेतलेत. मी जास्त देऊ केले तर म्हणालात, नवीन काही टाकलंच नाही.

त्या संध्याकाळी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, न रडता, घाट चढून गेली. हेळवाकला चहाला थांबलो तेव्हा बाबांनी स्वतःहून मागच्या दोन्ही ड्रमजवळ हात नेऊन पाहिला.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे एकाच पंपावर टाकी काठोकाठ भरून तीन वेळा मोजलं. 13.6, 14.1, 13.8. पाण्याचा 40 लिटरचा कॅन आता भरून नेत नाही, मुक्कामाच्या जवळ भरतो, हाही तुमचाच सल्ला. विकण्याचा विषय बाबांनी पुन्हा काढलेला नाही.

दिवाळीनंतर गुहागरला निघतोय. हँडब्रेकची केबल पुन्हा एकदा बघायची आहे म्हणाला होतात, तेव्हा उतरताना तुमच्याकडे थांबू. बाबांनी तुमच्यासाठी घरचा गूळ बाजूला काढून ठेवला आहे.

काकूंना नमस्कार.

आपली,
कराडची ओम्नीवाली ताई