सातवा लागला की उष्टावण

लीड्स, १४ मे

ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर आपलं बोलणं अर्धवट राहिलं. तुझा आवाज उतरला होता ते कळलं मला. चिऊ आत्ताच झोपली आहे, म्हणून नीट लिहायला बसले.

मुलीचं उष्टावण पाचव्या महिन्यात, हे तू चैत्रापासून सांगते आहेस. तुझं मन मोडायचं नव्हतं, म्हणून तेव्हा एकदा केळं अगदी मऊ कुस्करून बोटाने तिच्या ओठांना लावलं होतं. तिने जीभ पुढे काढून सगळं हनुवटीवर आणलं. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. तू म्हणालीस, गोड आवडत नसेल. पण ती नावड नव्हती गं. तान्ह्या बाळाच्या तोंडात दुधाशिवाय काही गेलं की जीभ ते आपोआप बाहेर ढकलते, घशात अडकू नये म्हणून. चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान ते हळूहळू थांबतं. चिऊचं तेव्हा थांबलं नव्हतं, एवढंच.

वजन करायला नेलं तेव्हा इथल्या हेल्थ व्हिजिटरला विचारलं. आपल्या उपकेंद्रातल्या सिस्टरबाईंसारखं तिचं काम. ती म्हणाली, साधारण सहा महिन्यांच्या सुमाराला तीन गोष्टी एकत्र दिसायला हव्यात. बाळ बसतं राहायला हवं आणि मान डुगडुगता कामा नये. समोरची वस्तू बघून, उचलून ती तोंडात नेता यायला हवी. आणि तोंडात गेलेलं गिळता यायला हवं. मान धरली म्हणजे झालं असं मला वाटत होतं, पण मान तर तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच धरली होती तिने.

मुठी चोखते म्हणजे पोट भरत नाही, असं तू म्हणालीस. शेजारच्या काकूही तेच म्हणाल्या. पण या वयात सगळीच बाळं मुठी चोखतात. रात्री जास्त वेळा उठणं, एकदम जास्त दूध मागणं, हीसुद्धा जेवणाची खूण नाही. ते दिवस फार जड गेले मला. रात्री तीनला तिला पाजताना वाटायचं, माझंच दूध कमी पडतंय. वजन मात्र दर वेळी नीट वाढलेलं असायचं. हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं.

आणि आता ऐक. गेल्या गुरुवारी मी वरणभात जेवत होते, चिऊ मांडीवर. तिने माझ्या हातातला चमचा बघितला, हात पुढे केला, धरला आणि थेट तोंडात नेला. मग माझ्या प्रत्येक घासाबरोबर तिचं तोंड उघडायला लागलं. काल उंच खुर्चीत बसवली, तर कुठेही न कलता बराच वेळ बसली. आई, मला रडूच आलं.

आता उशीरही करायचा नाही. पोटात असताना साठवलेलं लोह सहा महिन्यांच्या सुमाराला कमी पडायला लागतं आणि नुसत्या दुधातून ते पुरत नाही. म्हणून वरणाचं वरचं पाणी नको, घट्ट वरण, मऊ भात, वर तूप. चमचा तिरका केला तरी ओघळू नये इतकं घट्ट. नाचणीचं पीठ इथे मिळतं. अंडंही लवकरच सुरू करणार आहे, पूर्ण शिजवून. दाण्याचं कूट अगदी बारीक करून देणार, हे ऐकून दचकू नकोस. लंडनमध्ये ६४० बाळांवर केलेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लहानपणापासून शेंगदाणा खाणाऱ्यांना त्याची ॲलर्जी खूपच कमी झाली. अख्खा दाणा मात्र पाच वर्षांपर्यंत नाही. मीठ-साखर वरून घालायची नाही. मध वर्षाच्या आत बोटभरही नाही, घुटीतही नाही. त्यातल्या जंतूंनी बाळाला लुळेपणा येऊ शकतो. या एका बाबतीत मी तुझं ऐकणार नाही. दूध आहेच, ते चालू राहील.

आता तुझ्या मनातलं. तूच सांगितलंस ना, मुलीचं विषम महिन्यात करायचं, पाचव्यात नाहीतर सातव्यात? २० तारखेला तिला सहा महिने पूर्ण होतात, म्हणजे सातवा लागतो. तू २ जूनला येतेसच. तोवर तिला घरच्या घरी दोन-दोन चमचे सुरू करते, पण चांदीच्या वाटीतला घास तू आल्यावरच. दादाला येणं जमत नाही, तर तो व्हिडिओवर समोर बसेल आणि मामाच्या वतीने तू भरव. चालेल ना?

माझी ती जुनी वाटी आणि चमचा आठवणीने आण, कपाटाच्या वरच्या खणात आहेत. तूप आणू नकोस, दूधदुभतं इथे विमानतळावर काढून घेतात. मी लोणी कढवून ठेवते. बाबांना नमस्कार.

तुझी,
लेक