मागचं मडगार्ड कापून देणाऱ्या मामांस

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

काम संपल्यावर मजुरी खिशात टाकून तुम्ही लगेच पुढच्या गाडीकडे वळलात. नीट आभार मानायचे राहून गेले. म्हणून हे पत्र, तेही चारचौघांत, कारण कोल्हापूरच्या उद्यमनगरात असं काम करणारा माणूस आहे हे गाडी असलेल्या प्रत्येकाला कळावं असं मला मनापासून वाटतं.

माझ्या रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० चं मागचं मडगार्ड आखूड करून दिवे एलईडी करायचे होते. तुमची पहिली अट होती, कंपनीच्या मडगार्डला कटर लागणार नाही. जुन्या बाजारातून दुसरं आणायला लावलंत आणि मूळचं पोत्यात गुंडाळून माझ्या हवाली केलंत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा विषयही तुम्हीच काढलात: मूळ रचनेत बदल केला तर आरटीओ हरकत घेऊ शकतं, तेव्हा जुनं परत चढवता आलं पाहिजे. हे तुम्ही कापायच्या आधी सांगितलंत, याचं मला फार मोल वाटतं.

साडीगार्डला तर तुम्ही हातच लावू दिला नाही. माझी आई एका बाजूला पाय सोडून बसते. मागच्या चाकाचा निम्मा भाग तरी झाकलेला असावा असा नियम आहे, तो याचसाठी.

मग कापायची रेघ. दोन्ही शॉकअप सोडवून तुम्ही चाक हातानं वर दाबलंत, टायर पत्र्याच्या किती जवळ येतोय ते पाहिलंत, आणि त्यानंतरच मास्किंग टेप चिकटवलीत. “खड्ड्यात दोघं आदळली की चाक कुठवर येतंय ते आधी बघायचं पोरा, शोभा मागनं.” दिव्याचे बोल्टही आतून चपट्या डोक्याचे घेतलेत, टायरला लागू नयेत म्हणून. मडगार्ड गाडीवरून उतरवून, टाकीपासून लांब नेऊन कटर चालवलात, तोही रेघेच्या थोडा बाहेरून. उरलेलं कानशीनं घासत रेघेवर आणलंत.

त्या कडेबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचंय. मडगार्डचा वळवलेला काठ पत्र्याला ताठ ठेवतो. शेवटाकडचा तो काठ कापला की पत्रा थरथरतो, आणि बुलेटच्या हादऱ्यांनी पुढे चिरतो. तुम्ही कापलेल्या कडेला आतून सळी वाकवून वेल्ड केलीत. रंगाखाली ती दिसत नाही, बोट फिरवलं की लागते. ती नसती तरी त्या दिवशी मला काहीच कळलं नसतं.

वायरिंगचंही तसंच. दिव्याची अर्थिंग, म्हणजे करंट परत जायची वाट, मडगार्डच्या पत्र्यातून घेतली तर नव्या रंगाच्या थरानं ती तुटते, मग ब्रेक दाबला की भलताच दिवा मिणमिणतो. तुम्ही वेगळी काळी वायर थेट चॅसीपर्यंत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यापर्यंत ओढलीत. १० वॅटच्या बल्बांच्या जागी एलईडी इंडिकेटर आले, त्यांना करंट कमी लागतो, म्हणून इंडिकेटर लुकलुकवणारा जुना फ्लॅशर नीट चालेना. जादा करंट खाणारे रेझिस्टर टाकून भागवता आलं असतं, पण ते तापतात. तुम्ही एलईडीला चालणारा फ्लॅशरच बसवलात.

लाल काचेमागे पांढऱ्यापेक्षा लाल एलईडी जास्त उजळ दिसतो, हे मला तुमच्याकडेच कळलं. पण आपल्या गोल दिव्याला खालून पारदर्शक काच आहे, तिच्यातून नंबर प्लेटवर लाल उजेड पडला असता. प्लेट पांढऱ्या उजेडात १५ मीटरवरून वाचता आली पाहिजे. मी न सांगता तुम्ही प्लेटवर वेगळा छोटा दिवा लावलात, आणि लाल रिफ्लेक्टरही परत जागेवर आणलात. त्याचे जादा पैसे तुम्ही घेतले नाहीत, याचेही आभार.

या पावसाळ्यात गगनबावड्याच्या घाटात धुकं इतकं उतरलं होतं की पुढचं वळण दिसत नव्हतं. माझा मावसभाऊ मागून येत होता. चहाला थांबलो तेव्हा तो म्हणाला, “तुझ्या ब्रेकलाइटवर नजर ठेवूनच मी घाट उतरलो.” ते श्रेय तुमचं आहे, मामा. चिखल तेवढा मागे बसलेल्या माणसाच्या पाठीवर जास्त उडतो, आतून रबराची पट्टी लावायला हवी.

त्यासाठी दिवाळीनंतर येतो. मावसभावालाही त्याच्या गाडीचं असंच काम करून घ्यायचंय. जुनं मडगार्ड आम्ही शोधून आणतो, रेघ तुम्ही आखा.

आपला,
काळ्या क्लासिकवाला